तोडलेला ऊस मेलेला नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात दोन मजकूर वाचले. पुरवणीत मुलांच्या सदरात लिहिलं होतं, ‘एन्झाइम म्हणजे आपल्या शरीरातले अतिसूक्ष्म जीव, ते अन्न खाऊन पचवतात.’ आणि आतल्या पानावर जिल्ह्याची बातमी होती, तोडलेला ऊस चार-चार दिवस साखर कारखान्याच्या गेटबाहेर उभा, शेतकऱ्यांचा रास्ता रोको, आणि शेवटी कुणा अधिकाऱ्याचं म्हणणं की यंदा ऊसच गोड नाही, म्हणून उतारा (उसातून हाती येणाऱ्या साखरेचं प्रमाण) कमी. पहिला मजकूर चूक आहे आणि दुसरा अर्धवट. माझ्या मते पहिला नीट छापला असता तर दुसऱ्याचा उलगडा त्याच अंकात झाला असता.

मी १९८६ साली बी.एस्सी. केमिस्ट्री होऊन एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. लॅबमध्ये बाई मी एकटीच. बायकांना रात्रपाळी तेव्हा कायद्यानेच नव्हती, म्हणून मला कायम जनरल शिफ्ट. रात्रभर यार्डात उभ्या राहिलेल्या गाड्यांचा ऊस सकाळी गव्हाणीत पडायचा आणि त्याच्या रसाचा पहिला नमुना माझ्या टेबलावर यायचा. बत्तीस हंगाम मी हेच केलं. डॉक्टर लोक नाडी बघतात तसं मी रस बघायची. ताज्या उसाचा रस आणि शिळ्याचा रस वासावरूनच कळतो, यंत्र नंतर. शिळ्याला एक आंबूस, ओल्या पोत्यासारखा वास येतो.

आधी मुलांच्या सदराचं. एन्झाइम जिवंत नसतं. पाठ्यपुस्तकात त्याला विकर म्हणतात, आमच्या लॅबमध्ये विकर असं कुणाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तो प्रथिनाचा रेणू. अमिनो आम्लांची लांब माळ स्वतःभोवती घड्या घालून बसलेली आणि त्या घड्यांमध्ये एक खोबण. त्याला भूक नाही, पोट नाही, पिल्लं नाहीत. हा घोळ काही आजचा नाही. आंबवणं हे जिवंत यीस्टचंच काम, असं पाश्चरसारख्या माणसाचं ठाम मत होतं. जर्मनीत एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूत घोटलं, त्याच्या पेशी फोडल्या, दाबून रस काढला. तो रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, जशी आपण मुरांब्यात घालतो. रस टिकायचा राहिला बाजूला, त्याला बुडबुडे यायला लागले. यीस्ट मेलेलं, तरी साखरेची दारू होतेय! हे १८९७ साली छापून आलं आणि १९०७ साली त्याला नोबेल मिळालं. तरी एन्झाइम म्हणजे नेमका पदार्थ कोणता यावर वाद चालूच राहिला. १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनरने एका शेंगेच्या दाण्यातून युरिएज नावाच्या एन्झाइमचे चक्क स्फटिक काढून दाखवले आणि ते प्रथिन आहे हे सांगितलं. समनर डावखुरा होता, आणि सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात त्याचा डावाच हात गेला होता. ज्याचे स्फटिक बाटलीत भरून कपाटात ठेवता येतात त्याला जीव कसं म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, एका शब्दाचं एवढं काय. सांगते.

उसातली साखर म्हणजे सुक्रोज. एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडगोळी. पानं ती तयार करतात आणि कांड्याकडे पाठवतात. शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्याला वाढायचं असतं, त्याला अख्खी जोडी नको असते, सुटी ग्लुकोज-फ्रुक्टोज हवी असतात. म्हणून तिथे इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं, ते जोडी फोडतं. खालची कांडी पक्व झाली की तिथलं इन्व्हर्टेज जवळजवळ स्वस्थ बसतं आणि साखर साठत जाते. वाढ्याबरोबर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याबरोबर, दोन कोवळ्या कांड्याही खाली उडवायला मुकादमाला का सांगतात, त्याचं कारण हे.

आता कोयता बसला. ऊस बुडातून सुटला. आपण म्हणतो तोड झाली, पीक आलं. पण ऊस मेला का? बेणं लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तोडलेल्या कांडीची टिपरी करून सरीत दाबली की आठ-पंधरा दिवसांत डोळा फुटतो. मेलेल्याला कोंब येत नाही. मोळीत बांधलेला ऊससुद्धा तसाच जिवंत असतो. पानाकडून पुरवठा बंद, मुळाकडून पाणी बंद, तरी श्वास चालू. मग तो घरातला साठा मोडायला लागतो, आपल्याकडे बाकी सगळं बंद झालं की बाईच्या अंगावरचं सोनं मोडतात तसं. इन्व्हर्टेज पुन्हा जागं होतं आणि वाढतं. उन्हाने कांडी तापली की त्याचा वेग आणखी वाढतो. डिसेंबरातला एक दिवस आणि मार्चमधला एक दिवस सारखा नसतो तो यासाठी.

ते करतं काय, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. नुसत्या पाण्यात साखर विरघळून ठेवली, जंतू लागू दिले नाहीत आणि आंबटपणा नसला, तर ती जोडी आपोआप तुटायला शेकडो वर्षं जातील. म्हणजे तुटायची इच्छा आहे, पण वाटेत घाट आहे. इन्व्हर्टेज त्या घाटाला बोगदा पाडतं. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीत बोगद्यातून जातो तसं. निघायचं गाव तेच, पोचायचं गाव तेच, चढण तेवढी वाचते. (फरक एवढाच की खंबाटकीचा तो बोगदा एकतर्फी आहे, एन्झाइमचा दुतर्फी असतो. पण सुक्रोजच्या बाबतीत सगळा उतार तुटण्याकडेच आहे, त्यामुळे परत येणारं जवळपास कुणी नसतं.) बोगदा पाडणारे हात दोन. खोबणीत साखरेचा रेणू बसला की एका बाजूने अॅस्पार्टेट नावाचा गट फ्रुक्टोजला धरतो, दुसऱ्या बाजूने ग्लुटामेट जोडाच्या ठिकाणी प्रोटॉन सरकवतो. ग्लुकोज सुटून जातं. मग पाण्याचा एक रेणू येतो, फ्रुक्टोजलाही सोडवतो आणि खोबण पुन्हा रिकामी, होती तशी. एन्झाइम खर्च होत नाही. दुधातल्या लॅक्टोजला ते हात लावत नाही, कारण त्या खोबणीत लॅक्टोज बसतच नाही. एमिल फिशरने १८९४ साली कुलूप-किल्लीची उपमा दिली ती याच इन्व्हर्टेजच्या आणि बदामातल्या इमल्सिनच्या कामावरून. पुढे खोबणही थोडी हलते, सैल-घट्ट होते, हे कळलं, पण किल्ली हा शब्द अजून जात नाही आणि मला त्यात वावगं वाटत नाही.

इन्व्हर्ट म्हणजे उलटं करणं. हे नाव माझ्या टेबलावरच्या यंत्रावरून पडलेलं आहे, प्रकाश किती वळला ते मोजणाऱ्या पोलरीमीटरवरून. शंभर मिलिलिटर रसात लेड सबअॅसिटेटची पूड टाकायची, हलवायचं, गाळायचं, निवळ रस दोनशे मिलिमीटरच्या नळीत भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि डोळा लावायचा. आत एक गोल दिसतो, अर्धा उजळ, अर्धा काळोखा. चाक फिरवून दोन्ही अर्धे सारखे करायचे आणि आकडा वाचून श्मिट्झच्या टेबलवरून पोल, म्हणजे रसातल्या सुक्रोजचा टक्का, काढायचा. सुक्रोज प्रकाशाला उजवीकडे वळवते. ती फुटली की ग्लुकोज उजवीकडे ओढतं, पण फ्रुक्टोज डावीकडे त्याहून जोरात, आणि एकूण आकडा डावीकडे जातो. दिशा उलटते, म्हणून इन्व्हर्ट शुगर.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. एन्झाइमच्या वेगाचं जे समीकरण जगभर शिकवतात, मिकेलिस-मेंटेन, ते दोघांनी १९१३ साली बर्लिनमध्ये मांडलं ते याच इन्व्हर्टेजवर, याच साखरेवर आणि पोलरीमीटरनेच आकडे वाचून. मॉड मेंटेन ही कॅनडातून आलेली डॉक्टर बाई. त्या दोघांनी अमुक मिनिटांनी नमुना काढून त्यात सोडा घालायचा, म्हणजे एन्झाइम जागच्या जागी थांबायचं, आणि मग नळी यंत्रात. आम्ही रसात पाण्यात कालवलेला चुना घालतो आणि रस तापवतो. अल्कलीने आणि उष्णतेने इन्व्हर्टेजच्या घड्या उसवतात, ते बंद पडतं. मिकेलिस-मेंटेनचं हे सगळं मला नोकरीला लागून वीस वर्षं झाल्यावर, मुलीच्या एम.एस्सी.च्या पुस्तकात वाचून कळलं. त्या दिवशी मी लॅबमधल्या पोरांना वडापाव खिलवला. कारण विचारलं तर सांगितलं, आपल्या खात्यातली एक बाई सापडली.

त्या समीकरणात आहे काय, ते गेटवर उभं राहिलं की समजतं. वजनाचे दोन काटे आहेत. दिवसभरात पाच गाड्या आल्या तर काटे निवांत, आणखी पाच आल्या तर काम दुप्पट. पण दोनशे गाड्या उभ्या राहिल्या की काट्याचा वेग ठरलेला, मागे आणखी शंभर लागल्या म्हणून तो वाढत नाही. एन्झाइमचं तसंच. साखर वाढत गेली तसा वेग वाढतो, मग एका कमालीवर अडकतो. त्या कमालीच्या निम्मा वेग ज्या साखरेला मिळतो तो आकडा म्हणजे मिकेलिस स्थिरांक. उसाच्या रसात साखरेला तोटा नाही, त्यामुळे इन्व्हर्टेजच्या खोबणी कायम भरलेल्या. मग वेग वाढायला दोनच गोष्टी उरतात, इन्व्हर्टेज किती आहे आणि कांडी किती तापली आहे. गेटवर रांग लांबली की कांड्यातली रांगही चालत राहते, तिला काटा बंद, पाळी बदल, रविवार काही नसतं.

आता जीव आणि रेणू यातला फरक कुठे लागतो ते. शिळ्या उसात चोर दोन असतात. एक हे इन्व्हर्टेज. दुसरा ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू, जो खरोखर जिवंत आहे. तो तोडलेल्या टोकांतून, फुटलेल्या सालीतून आत शिरतो. त्याच्याकडेही एक एन्झाइम असतं. ते सुक्रोज फोडतं आणि ग्लुकोजला ग्लुकोज जोडत लांबच लांब चिकट दोर वळतं, त्याला डेक्स्ट्रान म्हणतात. जिवाणूला मारता येतं. मिलला गरम पाणी मारा, वाफ मारा, औषध टाका, तो आटोक्यात येतो. पण कांडीच्या आतल्या इन्व्हर्टेजला औषध मारून काय उपयोग? ते मरत नाही, कारण ते जिवंतच नाही, आणि अख्खी मोळी काही उकळता येत नाही. त्याच्यावर उपाय एकच, लवकर गाळप. ‘एन्झाइम म्हणजे जंतू’ असं डोक्यात बसलेला माणूस हमखास म्हणतो, मिलमध्ये औषध मारलंय ना, मग झालं. मी हे वाक्य चांगल्या शिकलेल्या तोंडून ऐकलं आहे.

एक माझी फजिती सांगते. मार्चचा महिना, मिलचा शाफ्ट तुटला, तीन दिवस कारखाना उभा. त्यात जळिताचा ऊस बराच आलेला. चौथ्या दिवशी मिल सुरू झाली, मी पोल काढला, आकडा बरा निघाला. मलाच आश्चर्य वाटलं, तिनदा नळी भरली, तिनदा तेच. रजिस्टरला लिहिलं. दोन दिवसांनी पॅनवरून, म्हणजे जिथे पाक उकळून दाणा पाडतात तिथून, बोंब, पाक ओढत नाही, तार सुटते, आणि साखरेचा दाणा चौकोनी व्हायचा सोडून सुईसारखा लांबट. पोत्यांचा हिशोब बसेना. आत आलेली साखर माझ्या आकड्यानुसार एवढी, बाहेर पडलेली त्याहून बरीच कमी, आणि मधला फरक ‘अननोन लॉस’च्या रकान्यात. वरिष्ठ म्हणाले, मॅडम, तुमचं रीडिंग चुकलं. रीडिंग चुकलं नव्हतं. डेक्स्ट्रान प्रकाशाला उजवीकडेच वळवतं, तेही साखरेच्या तिप्पट जोराने. साखर चोरीला गेलेली आणि चोरच साखरेच्या नावाने हजेरी लावून गेला होता. ते मला पुढच्या हंगामात कळलं. रजिस्टरमधली ती ओळ मात्र तशीच आहे.

शेतकऱ्याला फसवणारं यंत्र वेगळं. हल्ली बऱ्याच जणांकडे खिशातला ब्रिक्स मीटर असतो. माझ्या भावाने गेल्या वर्षी चार दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतलं कांडं पिळून थेंब टाकला आणि मला फोन केला, ‘आक्का, तू उगीच घाबरवतीस, गोडी वाढली की गं, दीड डिग्री वर गेलाय.’ मी म्हटलं, बाबा, पाणी आटलंय. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं, त्यात साखर किती आणि मोडलेली साखर किती हे तो मीटर सांगत नाही. उलट ३४२ ग्रॅम सुक्रोज फुटताना १८ ग्रॅम पाणी गिळते आणि ३६० ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, त्यानेही ब्रिक्स किंचित चढतो. पाणी आटलं म्हणून काट्यावर वजन कमी, साखर मोडली म्हणून उतारा कमी, आणि हातातला मीटर म्हणतो वाढलं. मोडलेल्या साखरेचा पोत्यात दाणा पडत नाही, ती जाते मळीत. ज्यांच्याकडे गुऱ्हाळ आहे त्यांना हे मीटरशिवाय ठाऊक असतं. शिळ्या उसाच्या रसाचा गूळ ढेपेत बसत नाही, पाझरतो.

पैशाचं बोलायचं तर, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला उसाच्या क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) ठरली, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. ०.१ टक्का म्हणजे टनाला एक किलो साखर, टनाला ३४ रुपये ६० पैसे. हे एका गाडीचं नसतं, अख्ख्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतं. म्हणजे ज्याचा ऊस त्याच दिवशी गाळला गेला त्यालाही गेटबाहेर वाळलेल्या उसाची भरपाई द्यावी लागते. ‘ऊसच गोड नाही’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न, तोडायच्या दिवशी किती गोड होता आणि गाळायच्या दिवशी किती, हे दोन आकडे तुमच्याकडे आहेत का? नसतील, तर गोड कधी नव्हता हे कळलं कसं? उसाच्या जातीला बोल लावायचा, ८६०३२ असा नि २६५ तसा, हे सोपं असतं. पाऊस, तुरा, जात, जमीन यांचा परिणाम होतोच, मी नाही म्हणत नाही. पण ती कारणं हंगामाच्या हातात आहेत, रांग आपल्या हातात आहे.

बीडकडून आलेल्या टोळ्यांना किंवा ट्रॅक्टरवाल्यांना मी दोष देत नाही. थंडीत पहाटे चारला कोयता धरणाऱ्या बाईने मोळी बांधली की तिचं काम संपलं. पुढचे तास कुणाच्या नावावर आहेत, हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि जे लिहिलेलं नसतं त्याचा जाब विचारता येत नाही. आमच्या भागातल्या एका कारखान्याच्या पावतीवर गट नंबर आहे, जात आहे, लागण की खोडवा आहे, मुकादमाचा कोड आहे, वजन दोन दशांशापर्यंत आहे. तोडणीची तारीख आहे, तीही कधी कधी काट्यावरच्या पोराने अंदाजाने टाकलेली. वेळ नाही.

तेव्हा माझ्या दोन विनंत्या. पुरवणीत दुरुस्ती छापावी, एन्झाइम हा जीव नाही, सजीवांच्या पेशी बनवतात तो रेणू आहे. मुलांना घरी बघायला हवं असेल तर वांगं चिरून अर्धं पाण्यात आणि अर्धं ताटात ठेवायला सांगा. ताटातलं काळं पडतं ते एन्झाइमचं काम. रसवंतीवाला उसाच्या रसात लिंबू पिळतो ते चवीसाठी तर खरंच, पण रस काळपट पडू नये म्हणूनही. तिथे एक एन्झाइम रसातल्या फिनॉल्सना हवेतल्या ऑक्सिजनशी जोडत असतं आणि लिंबाच्या आंबटपणाने ते मंदावतं.

दुसरी विनंती, हंगामात आपण रोज कारखानावार गाळप आणि उताऱ्याचा तक्ता छापता. त्यात एक रकाना वाढवा, तोड ते गाळप सरासरी तास. कारखाने लगेच देणार नाहीत, मला माहीत आहे. ज्यांनी दिला त्यांचा छापा, ज्यांनी नाही दिला त्यांच्यापुढे रेघ ओढा.

भावाचा ऊस अजून त्याच कारखान्याला जातो, म्हणून नाव छापू नये. त्याच्या मागच्या हंगामातल्या एका पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. कारखान्याचं नाव मी काळ्या शाईने झाकलं आहे. ‘तोडणीची वेळ’ हा रकाना तिच्यावर नव्हता, उजव्या कोपऱ्यात जागा होती तिथे मी पट्टी लावून पेनाने आखला आहे.

आपली,
एक निवृत्त लॅब केमिस्ट
ता. वाळवा, जि. सांगली